मणी १४० ते १७१

सोमवार, २ सप्टेंबर

आज अडतीस भाकितं उघडली आणि माझी रचना कुलपातून बाहेर निघाली. सकाळपासून चार वेळा चहा टाकला, एकदाही धड प्यायले नाही.

ही वही कुणी वाचणार नाही, तरी मांडून ठेवते. मांडलं की डोकं जागेवर येतं. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. मणी कुठल्या क्रमाने ओवलेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. ती माळ गुंडाळून कुठला आकार घेते ते ठाऊक नसतं. आम्ही प्रोटीनचे क्रिस्टल वाढवतो, त्यांच्यावर एक्स-रे सोडतो आणि जो धूसर नकाशा हाती येईल त्यात एकेक मणी बसवतो. माझी या एका प्रोटीनवर नऊ वर्षं गेली. कॉम्प्युटरवाले नुसता क्रम बघतात आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत आकार सांगून मोकळे. त्यात खरं किती नि थापा किती, हे कळावं म्हणून परीक्षा घेतात. आमच्यासारख्यांनी अजून न छापलेली रचना कुलपात ठेवायची, त्यांनी भाकितं पाठवायची, मग दोन्ही एकावर एक ठेवून बघायची. पेपर त्यांचा, उत्तर आमचं. यंदा उत्तरांत माझं प्रोटीनही आहे.

माझा लेख स्वीकारला गेलाय, तीस तारखेला छापून येणार. त्याआधी अडतीस जणांची फजिती बघायला मिळणार म्हणून मी खूश आहे. खोटं कशाला बोला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

परीक्षकांची मेल आली. हे गृहस्थ इतके नम्र लिहितात की मेल वाचताना आपणच उठून उभं राहावं असं वाटतं. अडतीसपैकी एकतीस जण आपटले. उरलेल्या सात जणांचा आकार माझ्या रचनेवर तंतोतंत बसतो. फक्त १४० ते १७१ या बत्तीस मण्यांत सातही जण माझ्याहून वेगळे आहेत, आणि सातही जण एकमेकांसारखे आहेत. “यावर आपलं मत कळलं तर उपकार होतील.”

माझं मत असं की सातही चुकले. तसं कळवलं.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. म्हणाला, “सात जण एकच सांगतायत म्हणजे काहीतरी असेल.” मी म्हटलं, “सातही जणांचे प्रोग्रॅम एकाच शाळेत शिकलेले आहेत. जुन्या रचना घोकून तयार झालेत. एकाने चूक केली की सगळे तीच करणार.” हे बरोबरच आहे. पण तो “बरं” म्हणाला तेव्हा डोक्यात तिडीक गेली. त्याचं “बरं” मला चांगलं कळतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दिवसभर एका जागी बसवत नाही. प्रयोगशाळेत तीन फेऱ्या, जिन्यात दोन. कोल्ड रूममधल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, काही गरज नव्हती.

टकळी मागे मागे होती. टकळी म्हणजे माझी सध्याची संशोधक. डॉक्टरेट घेऊन आलेली, तिशीची बाई, पण तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. गेल्या वर्षी तिनेच या प्रोटीनचे चांगले क्रिस्टल वाढवले, माळेचं एक टोक सापडत नव्हतं ते तिच्यामुळे मिळालं. कामाची आहे. पण वेळ कळत नाही. मी फोनवर, आणि ही दारात उभी: “मॅडम, ते एकशे चाळीसचं, मला वाटतं—”

“तुला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही,” मी म्हटलं. “तुला जे दिलंय ते कर.”

गेली. संध्याकाळी मला थोडं वाईट वाटलं, मग वाटलं, माझ्या पीएच.डी.च्या बाई माझ्याशी याहून वाईट बोलायच्या आणि मी काही मेले नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

त्या सातांनी आपापल्या भाकितांना स्वतःच खात्रीचे गुण दिलेत. १४० ते १७१ला शंभरात ब्याण्णव. आत्मविश्वास काय, आमच्या जावेलाही शंभरात ब्याण्णव आहे, म्हणून तिचं वरण खावंसं थोडंच वाटतं.

टकळी हल्ली गप्प असते. बरं झालं, काम तरी होतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

परीक्षकांची दुसरी मेल. आता त्यांना नकाशा आणि मूळ डेटा बघायचाय. “अर्थात आपली हरकत नसेल तर.” हरकत आहे! उत्तर तपासायला कधीपासून लागले? परीक्षा त्यांची होती ना?

घरी येऊन फडताळ आवरायला काढलं. नवऱ्याने पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “तुला भीती कसली वाटतेय?”

“कसली भीती? डेटा माझा, रचना माझी.”

तो म्हणाला, “मी एकदा चुकीची दाढ काढली होती.”

सव्वीस वर्षं संसार केला, हे मला आज कळतंय. “कधी?”

“लग्नाआधी. एक्स-रे उलटा लावला होता.”

“मग?”

“मग काय, खुर्चीतच सांगितलं त्याला. तोंडात कापूस होता बिचाऱ्याच्या, धड शिव्याही देता आल्या नाहीत.”

मी हसले नाही. खरं म्हणजे हसू आलं होतं. पण दाढ आणि माझी नऊ वर्षं एकाच तागडीत घालतो म्हणजे काय? मी त्याला हातातले डबे दिले आणि वरच्या फळीवर ठेवायला सांगितले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दार लावून घेतलं आणि नकाशा उघडला. चार वर्षांनी स्वतः उघडला असेल. हल्ली सगळं विद्यार्थीच करतात, मी मागे उभी राहून बोट दाखवते.

१४० ते १७१ धूसरच आहे. पहिल्यापासून होतं. त्या भागात माळेचा पीळ दिसतो, पण कुठला मणी कुठे हे अंदाजाने ठरवावं लागतं. आणि इथे आमच्या धंद्यातली एक खास चूक होऊ शकते. शर्टाचं एक बटण वरच्या घरात गेलं की खालची सगळी एकेक घर चुकतात, आणि तरी शर्ट लांबून ठीक दिसतो. तसं एक मणी सरकला की पुढचा प्रत्येक मणी शेजाऱ्याच्या जागेवर बसतो. आकार तोच दिसतो, पत्ते सगळे चुकतात. मग कुठेतरी एक बटण उरतं.

१७१पाशी एक मणी उरत होता. तो मी वळणात दडपून बसवलाय. मला आठवतं.

माझा अख्खा लेख १५८व्या मण्यावर उभा आहे. प्रोटीनच्या पोटात एक खिसा आहे, त्याच्या दाराशी १५८ उभा असतो आणि दार उघडतो, असं मी लिहिलंय. मणी सरकला असेल तर दाराशी १५९ आहे, आणि १५९ हा निव्वळ ठोंब्या, त्याला ते काम जमणारच नाही. म्हणजे लेखात उरतं काय? माझं नाव.

हा भाग आधी मौनीबाबाकडे होता. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी. करत होता, दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून ते नाव. त्याने घोळ घातलेला मला निस्तरावा लागला. त्याला नकाशा बघायची दृष्टीच नव्हती. मी तसं त्याला स्पष्ट सांगितलं. पुढे तो अर्धवट सोडून गेला, आपल्या मर्जीने गेला, मी काही हाकललं नाही. तर हा घोळ त्याच्या वेळचाच असणार.

रविवार, १५ सप्टेंबर

सुट्टी असून गेले. जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. मौनीबाबाच्या चार वह्या आहेत, अक्षर छापल्यासारखं. त्याची चूक शोधायला गेले होते हे इथे कबूल करते.

चौथ्या वहीत शेवटी हे आहे, जसंच्या तसं उतरवते:

“माझ्या मांडणीत आणि मॅडमच्या मांडणीत १४० पासून एका मण्याचा फरक. मॅडमच्या मांडणीत १७१ला एक उरतो.

तपासायचा उपाय: १५२ बदलून तिथे सेलेनियम असलेला मणी घालणे. सेलेनियम नकाशात ठळक दिसतं. जिथे दिसेल तिथे १५२.

क्रिस्टल आले. डेटा घेतला. मॅडमना दाखवणे.

मॅडमना वेळ नाही.

मॅडमना वेळ नाही.

मॅडमना वेळ नाही.

मीटिंग.”

पुढची पानं कोरी आहेत.

मीटिंग मला आठवते. प्रयोगशाळेची सोमवारची बैठक, सगळे होते. त्याने पहिल्यांदाच स्वतःहून हात वर केला होता. मी त्या दिवशी घाईत होते, कुठलातरी अहवाल द्यायचा होता. मी म्हणाले, “तुला नकाशा वाचता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याने या धंद्यात कशाला यावं?” लोक हसले. मीही हसले असेन. तो खाली बसला. दोन महिन्यांनी त्याने राजीनाम्याचा कागद दिला, मी सही केली आणि शुभेच्छा दिल्या.

त्याचा तो डेटा कुणी उघडलाय का कधी? मी तरी नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

काल धीर झाला नाही. आज टकळीला बोलावलं. जुन्या डिस्कवर अमुक तारखेचा डेटा आहे, तो काढून नकाशा कर, सेलेनियम कुठे दिसतं ते सांग, म्हटलं. ती उभीच राहिली.

“काय झालं?”

“मॅडम, ते मी केलंय. सात जणांचं कळलं तेव्हा जुन्या वह्या चाळल्या होत्या. दोन दिवसांत झालं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलत होते, मॅडम.”

तोंडात मारल्यासारखं झालं. ती लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून बाजूला झाली. पडद्यावर तो ठिपका होता. आजूबाजूच्या गोंधळाच्या अकरा पट ठळक. आंधळ्यालाही दिसेल असा. माझ्या रचनेत त्या जागी १५१ बसलाय. सातांच्या भाकितांत १५२. मौनीबाबाच्या मांडणीतही १५२.

मी टकळीला बस म्हटलं. ती म्हणाली, “नको मॅडम, काम आहे.” दिलेलं काम करायला गेली.

मी चुकले होते. लिहून बघितलं. काही आकाश कोसळलं नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

सकाळी संपादकांना लिहिलं: छापू नका, मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. परीक्षकांना सगळा डेटा पाठवला, मौनीबाबाचाही. त्यांची तासाभरात मेल: सात गटांचे गुण सुधारतो, आपण फार मोठ्या मनाच्या आहात. मोठं मन कसलं! सहा वर्षं झाकून ठेवलेलं सात यंत्रांनी उघडं पाडलं म्हणून पाठवलं, नाहीतर तीस तारखेला छापून आलंच असतं आणि मी पेढे वाटले असते.

नवरा म्हणाला, “सुटलीस.” मी म्हटलं, “अजून नाही.” मला वाटत होतं मी लेखाबद्दल बोलतेय.

मौनीबाबा कुठे असतो ते टकळीला ठाऊक होतं. यांचं आपसात सगळं चालू असतं, आपल्यालाच काही कळत नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे, पाण्याचे नमुने तपासतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

गेले होते.

फोन न करता गेले, कारण फोनवर तो “नको” म्हणाला असता तर? तळमजल्यावर लांबट खोली, भिंतीला लागून ओटा, त्यावर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीला चिठ्ठी: कुठला नळ, किती वाजता. चिठ्ठ्यांचं अक्षर लगेच ओळखलं. केस थोडे गेलेत त्याचे. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, “बसा मॅडम,” म्हणाला आणि हातातली बाटली हलवत राहिला.

मी येताना वाटेत सगळं पाठ केलं होतं. एक शब्द आठवेना. सरळ म्हटलं, “तुझा तो सेलेनियमचा डेटा. उघडला.”

बाटली थांबली. “किती पट?”

“अकरा.”

“कुठे?”

“तू म्हणालास तिथे.”

तो खाली बसला. बाटलीचं बूच घट्ट केलं. मग म्हणाला, “म्हणजे मला दिसत होतं.”

“हो.”

“मी नंतर सोडूनच दिलं, मॅडम. मला वाटलं, नसेलच दिसत. आपल्याला जे दिसतं ते नसतंच, असं वाटायला लागलं. बायको म्हणते, साधी भाजी घेताना सुद्धा तुम्ही मला विचारता.”

मी माफी मागितली. आयुष्यात कितीदा मागितली असेल, हाताच्या बोटांवर मोजता येईल. मग घाईघाईने सांगायला लागले: लेख मागे घेतलाय, नव्याने लिहिणार, पहिलं नाव तुझं, पीएच.डी. पुरी करायची असेल तर मी कुलगुरूंपर्यंत जाईन. बोलतच सुटले. टकळीसुद्धा माझ्यापुढे गप्प म्हणायची.

“नाव घालायचं असेल तर घाला,” तो म्हणाला. “ते तुमच्या लेखाचं बघा तुम्ही.”

“मग तुला काय हवंय? सांग तरी.”

त्याने बाटली जागेवर ठेवली. “त्या दिवशी अकरा जण होते. तुम्ही आणि मी सोडून.”

मला आधी कळलंच नाही.

“त्यांना सांगा. लेख कोण वाचतं मॅडम? त्या अकरा जणांना सांगा, तुम्ही स्वतः.”

मी म्हटलं, हो, नक्की, कोण कोण होते बरं. मला सहा आठवले. त्याने अकराही सांगितले, बसले होते त्या क्रमाने. खिडकीपाशी कोण, दारापाशी कोण, भांडारवाले काका सहीचा कागद घेऊन आले होते आणि उभे होते, तेही त्याने मोजले होते. मी त्याच्याच टेबलावरच्या कागदावर उतरवून घेतलं. मी लिहीत असताना त्याने पुढची बाटली घेतली.

सोमवार, २३ सप्टेंबर

शनिवारी सुरुवात करणार होते. केली नाही. पडदे धुतले.

आज टकळीला समोर बसवलं आणि म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. ती म्हणाली, “कशाबद्दल, मॅडम?” मी म्हटलं, कशाहीबद्दल. “काही विशेष नाही,” म्हणाली. आधी किती बोलायची ही! विचारून बोलत नाही कुणी, हे मला आज कळलं. वेळ लागेल.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दोघांना सांगून झालं.

मला वाटलं होतं, फोन करायचा, “तो बरोबर होता, मी चुकले,” एवढं म्हणायचं आणि ठेवायचा. तसं होत नाही. खिडकीपाशी बसायची ती आता दुसऱ्या संस्थेत मोठ्या जागेवर आहे, तिला काहीच आठवेना. “कुठली मीटिंग, मॅडम? काय म्हणाला होतात तुम्ही?” मग मला आधी ते वाक्य म्हणून दाखवावं लागलं. ज्याला दिसत नाही त्याने या धंद्यात कशाला यावं. माझ्याच आवाजात, शब्दन्शब्द. ते म्हटल्याशिवाय मागे घेता येत नाही.

“अगंबाई,” ती म्हणाली. “असं म्हणाला होतात?”

भांडारवाले काका निवृत्त झालेत, घरी गेले. त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, “मी तुमच्या सहीसाठी थांबलो होतो. पोराचं तोंड बघून सही न घेताच गेलो.” चहा केला त्यांनी. मी पूर्ण प्यायले, नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

आज लेख यायचा होता. आला नाही, त्याचं आता काही वाटत नाही.

सात झाले. तिघांना आठवत नव्हतं, त्यांना वाक्य म्हणून दाखवलं. दरवेळी वाटतं आता सवय होईल. होत नाही. नवरा विचारतो, यादीतले किती राहिले. मी सांगते आणि तो “बरं” म्हणतो.

आज दुपारी आठव्याला फोन लावला. हा डॉक्टरेट घेऊन त्या बैठकीच्या आठवड्यातच नवा लागला होता, आता तो स्वतः विद्यार्थी घेतो, नावाजलेला माणूस आहे. मी मौनीबाबा म्हटलं नाही, त्याचं पूर्ण नाव घेतलं. त्याला पटकन लागेना.

“आमच्या वेळी होता? कोण हो, मॅडम?” मग म्हणाला, “हां हां! ज्याला नकाशा वाचता यायचा नाही, तो ना? मी माझ्या पोरांना अजून सांगतो त्याचं. नवीन कुणी आला की पहिल्या दिवशी सांगतो.”



“तोच,” मी म्हटलं. “तुझी किती पोरं आहेत आता?”

“सध्या नऊ. आधीची धरून वीस-बावीस होतील. का हो?”

मी यादीचा कागद उलटा केला आणि म्हटलं, “नावं सांग.”